आदर्श गाव पाहून आलात, आता गावात काय करायचं?

सरपंचताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माणदेशातलं दीड हजार वस्तीचं गाव. नोव्हेंबरमध्ये पन्नास माणसांची गाडी करून राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार दाखवून आणलंत. येताना सगळे भारावले होते. परतल्यावर दोन बैठका झाल्या आणि विषय तिथंच विरला. आता लोक म्हणतात, "तिथं अण्णा होते, पोपटराव होते. आपल्याकडं कोण हाय?"

लोकांचं हे म्हणणं झटकून टाकू नका. त्यांनी जे पाहिलं त्यावरून तेच वाटणार. हिरवे डोंगर, भरलेल्या विहिरी, टुमदार शाळा हा तीस-चाळीस वर्षांच्या कामाचा शेवट आहे. शेवट पाहून माणूस थक्क होतो, पण त्याला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. आदर्श गावाकडून शिकायचं असेल तर तिथलं पहिलं वर्ष, तिथली भांडणं आणि तिथला सगळ्यात वाईट दुष्काळ समजून घ्यायला हवा. बंधारे कुठेही बघायला मिळतात. गावानं निर्णय कसा घेतला आणि तो कसा टिकवला, हे मात्र मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

ही आदर्श गावंसुद्धा कुणाकडून तरी शिकलीच आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकानं पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कराराने घेतली. तिथं पाणी अडवून दाखवलं आणि पुढं पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता घरातल्या माणसांवर ठरणार, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि उसाला पाणी नाही. अण्णा हजारे हे काम पाहायला गेले होते. त्यांनी पाणलोटाचा विचार घेतला, पण राळेगणला सुरुवात केली ती यादवबाबांच्या देवळापासून. सैन्यातून परतल्यावर स्वतःजवळचे पैसे घालून त्यांनी देऊळ दुरुस्त करायला घेतलं, मग लोक हात लावायला आले. पुढं १९८९ च्या सुमारास हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांनी राळेगणची नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री घेतली, आणि आपल्या गावाला लागलं म्हणून शेतीसाठी बोअरवेल बंदी आणि पाण्याचा ताळेबंद त्यात घातला. तिघांपैकी कुणीही आधीच्याची नक्कल केली नाही. प्रत्येकानं एक गोष्ट उचलली, एक सोडली, एक आपली घातली. तुमच्या गावानंही तेच करायचं आहे. पाचही सूत्रांचा ठराव एकाच सभेत करून फलक रंगवलात, तर पहिल्याच महिन्यात त्यातली तीन मोडतील आणि उरलेल्या दोनांची पतही जाईल.

पुढची भेट ठरवताना गाव जवळचं निवडा. पाणी फाउंडेशनच्या २०१८ च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी अडवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेत, राज्यात पहिलं आलेलं टाकेवाडी तुमच्याच माण तालुक्यात आहे. तिथला पाऊस तुमच्यासारखा, तिथल्या लोकांचे पैपाहुणे तुमच्या गावात. तिथं गेल्यावर "त्यांची गोष्ट वेगळी" असं म्हणायला जागा उरत नाही. दूरचं प्रसिद्ध गाव उत्साह देतं. हातात काम द्यायला शेजारचं गाव लागतं. शिवाय जमीन बदलली की उपायही बदलतो. माळरानावर मुरमात जिरणारं पाणी तुमच्या विहिरीला लागतं. तेच बांध विदर्भातल्या चिबड, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या काळ्या जमिनीत पाण्याला वाट न ठेवता घातले तर सोयाबीन पिवळं पडतं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात विहीर भरली तरी पाणी खारं, म्हणून तिथं शेततळ्याचा उपयोग जास्त. कोकणात उताराच्या डोंगरावर खोल चर खणले तर अतिवृष्टीत माती खचायची भीती असते, त्यामुळे तिथं ओहोळावर दिवाळीच्या सुमारास माती-वाळूच्या पोत्यांचे वनराई बंधारे घालणं जास्त शहाणपणाचं. ज्या गावाकडून शिकायचं, त्याचा पाऊस, खडक आणि उतार आपल्याशी जुळतो का, हे आधी पाहावं. तुमच्याकडं मऊ मांजऱ्या खडक कुठं आणि काळा पाषाण कुठं लागतो, हे विहीर खणणारे जुने लोक बोट दाखवून सांगतील. त्यांना बरोबर घ्या.

मागच्या वेळी पन्नास जण गेलात. एवढ्या गर्दीत सूत्र सांगणारा एक जण भाषण करतो, बाकीचे फोटो काढतात आणि जेवण उरकून गाडीत बसतात. बारा ते पंधरा माणसं पुरेत, पण ती निवडून घ्या. पाणी भरणाऱ्या दोन-तीन बाया आणि बचत गटाची अध्यक्ष हव्यात. ज्याची डाळिंबाची बाग बोअरवर आहे असा एक जण, एक भूमिहीन, शाळेचे गुरुजी आणि ग्रामसेवकही हवेत. मेंढपाळ हवाच, आणि विरोधी पार्टीतले दोघं तरी हवेतच हवेत. आपल्याच बाजूची माणसं नेली तर ती परतल्यावर विरोधकांना पटवत बसतात आणि त्यात वर्ष जातं. तिथं गेल्यावर जोड्या लावा: ग्रामसेवकानं ग्रामसेवकाला गाठायचं, मेंढपाळानं मेंढपाळाला, बाईनं बाईला. सगळ्यांनी मिळून सरपंचांना ऐकण्यापेक्षा यातून दसपट कळतं.

जायचं ते एप्रिल-मेमध्ये. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत कुठलंही गाव हिरवंच दिसतं. विहिरीत पाणी आहे की नाही, चारा कुठून येतो, कुठल्या वस्तीवर टँकर जातो, हे उन्हाळ्यातच उघडं पडतं. एक रात्र मुक्काम करा. खरं बोलणं रात्री जेवणानंतर पारावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर माळावर दोन तास काम करा. सलग समतल चराची, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चराची रेषा आखायची तिकाटी हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. दोन मीटरचे दोन बांबू वर बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्याला दोरी आणि दगडाचा ओळंबा. ओळंबा आडव्या काठीला लागतो तिथं खूण करायची, पाय उलटे करून दुसरी खूण, आणि दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये समपातळी. रेषा चुकली तर पाणी चराच्या एका टोकाला धावतं, तिथं चर फुटतो आणि घळ पडते. मग लोक म्हणतात, चराचा काही उपयोग नाही. चूक चराची नसून आखणीची असते.

तिथं काय विचारायचं ते आधी वहीत लिहून न्या. या कामात कुणाचं नुकसान झालं आणि त्याची भरपाई कशी केली? पहिला दंड कुणाला झाला? कुठला बंधारा फुकट गेला, आणि का? २०१८-१९ च्या दुष्काळात पिण्याचं पाणी कसं पुरवलं? बांधातला गाळ कोण काढतं, त्याचे पैसे कुठून येतात? ग्रामसभेची इतिवृत्ताची वही पाहायला मागा. पाच वर्षांपूर्वीचा ठराव काढायला सांगा आणि त्याची अंमलबजावणी झाली का ते विचारा. ज्या गावात ही वही मोकळेपणानं समोर ठेवतात, तिथून शिकण्यासारखं पुष्कळ असतं. जिथं फक्त पुरस्कारांची भिंत दाखवतात, तिथं चहा घेऊन निघावं.

आता पाण्याच्या हिशेबाकडं येऊ. तुमच्या गावात तो घातलेला दिसत नाही, आणि आदर्श गावांकडून पहिली उचलायची गोष्ट माझ्या मते हीच आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, म्हणजेच १० घनमीटर. गावाचं शिवार १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ४५० मिलिमीटर धरला तर आभाळातून ४५ लाख घनमीटर पाणी पडतं. आपल्याकडच्या खडकात त्यातलं जमिनीखाली मुरतं ते ढोबळमानानं दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेचार लाख. आता दीड हजार माणसांना रोजचे ५५ लिटर धरले तर वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर लागतात. एक एकर उसाला पाट पाण्यानं वर्षाला साधारण ८ हजार घनमीटर जातात. म्हणजे चार एकर ऊस अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी पिऊन टाकतो. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर गुरुजींनी मुलांकडून सोडवून घ्यावं. कुणाला उपदेश करायची गरज पडत नाही. हिवरे बाजारला सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथं दरवर्षी पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींच्या पातळ्या मांडून रब्बीला किती पाणी वापरायचं ते ठरतं. पाऊस कमी तर क्षेत्र कमी. त्या गावाची खरी ताकद या सभेत आहे. म्हणून पुढच्या वर्षी तीन-चार जणांनी ती सभा बघायला ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा जावं. तारीख आधी फोनवर विचारून घ्या.

आकड्यांसाठी पैसे लागत नाहीत. शाळेच्या आवारात, झाडा-भिंतीपासून लांब, पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. गावातल्या सहा विहिरी निवडा, दोन माथ्याकडच्या, दोन मधल्या, दोन पायथ्याच्या. काठावर रंगाची खूण करा. दर आठवड्याला ठरल्या वारी, पहाटे मोटारी सुरू व्हायच्या आत, दगड बांधलेली दोरी सोडून खुणेपासून पाणी किती खोल आहे ते मोजा. मोटार चालू असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. पाणी उपसलेलं असतं आणि पातळी पुन्हा चढायला वेळ लागतो. हे आकडे चावडीच्या भिंतीवर खडूनं लिहा. दोन महिन्यांत लोक येता-जाता थांबून वाचायला लागतात, आणि कुणाच्या बोअरनं कुणाची विहीर खाली जाते, हे कुणाचंही नाव न घेता दिसायला लागतं.

भेटीहून परतल्यावर दहा दिवसांच्या आत ग्रामसभा घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यातच आहे, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकतात. तुम्ही ती खरी घ्या, आणि पाण्याचा विषय तिथून वर येऊ द्या. मुख्य सभेत जाऊन आलेल्यांपैकी तिघांनीच बोलावं: एक बाई, एक मेंढपाळ, एक विरोधी पार्टीचा. तुम्ही शेवटी बोला, तेही थोडं. त्या सभेत एकच काम ठरवा. एका ओढ्याच्या माथ्यावरचं पाच ते दहा हेक्टर माळरान निवडा, जे पहिल्या पावसाआधी पुरं होईल आणि रस्त्यावरून दिसेल. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चरात मीटरला १८० लिटर पाणी मावतं. हेक्टरी हजार मीटर चर बसले तर एका भरतीत १८० घनमीटर, म्हणजे त्या हेक्टरवरून वाहून जाणारं १८ मिलिमीटर पाणी थांबतं. पहिल्या वळवात चर भरलेले दिसले की श्रमदानाला येणारी माणसं वाढतात. पायथ्याच्या मोठ्या सिमेंट बंधाऱ्यानं सुरुवात करायचा मोह टाळा. माथा मोकळा ठेवून पायथ्याला बांधलेला बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं भरतो, आणि ठेकेदारीची कुजबुज सुरू होते ती वेगळीच.

चराईबंदीचं मात्र सावकाश घ्या, कारण तुमच्याकडं हाच प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. तुमच्या गावचे मेंढपाळ दसरा-दिवाळीनंतर कळप घेऊन खाली निघतात ते मृगाच्या सुमारास परततात. म्हणजे नोव्हेंबरच्या सहलीला आणि त्यानंतरच्या दोन्ही बैठकांना ते बहुधा गावात नव्हतेच. त्यांच्यामागे ठराव करायचा आणि ते परतल्यावर, नेमकं गवत उगवायच्या वेळी, त्यांना माळावरून हाकलायचं, हा अन्याय आहे. अनेक गावांत आदर्श गावाचं काम इथंच मोडलं आहे. कळप जिथं उतरलेत तिथं जाऊन भेटा किंवा वैशाखातल्या जत्रेला ते येतात तेव्हा बसा. माळाचे तीन भाग करा. एक भाग तीन वर्षं बंद, दोन चराईला खुले, मग पाळी बदलायची. बंद भागातून पाण्याकडं जायची वाट मोकळी ठेवा. पहिल्या पावसानंतर बंद भागात मारवेल आणि स्टायलो या चाऱ्यांचं बी टाका. गवत दुसऱ्या वर्षापासून कापण्याजोगं होतं. ते कापून न्यायचा पहिला हक्क ज्यांनी चराई सोडली त्यांचा, असं ठरावातच लिहा. समितीत त्यांचे दोन सदस्य घ्या. तुमच्याकडं संपूर्ण शिवार एकदम बंद करण्याचा आग्रह मी कधीच धरणार नाही. ज्यांचं पोटच मेंढरांवर आहे त्यांच्यावर ते ओझं टाकून बाकीच्या गावानं आदर्श म्हणवून घेऊ नये.

"आपल्याकडं कोण हाय?" याचं उत्तर भाषणानं देता येणार नाही. लोक सरपंचाच्या घराकडं बघत असतात. नियम करायच्या आधी तो आपल्या घराला लागू करा. तुमच्या भावकीत कुणाचं गायरानावर अतिक्रमण असेल तर पहिलं ते निघालं पाहिजे. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी पंचायत सदस्यांनी आधी भरावी आणि मग यादी लावावी. श्रमदानाला सदस्य पहिल्यांदा हजर आणि शेवटी घरी, हातात फोनऐवजी टिकाव. यंत्राच्या डिझेलचा खर्च, आलेली वर्गणी, उरलेले पैसे, सगळं पंधरवड्याला फळ्यावर. कुठलंही काम जवळच्या नातेवाइकाला द्यायचं नाही, तो स्वस्तात करत असला तरी. दंडाचा नियम केलात तर पहिली पावती आपल्या पार्टीतल्या माणसाची फाटली पाहिजे. ती फाटली नाही तर पुढची एकही फाडता येणार नाही.

यात आणखी एक गोष्ट बऱ्याच सरपंचांकडून राहून जाते. सगळं काम स्वतःच्या अंगावर घेऊ नका. एक माणूस सगळीकडं पुढं दिसायला लागला की बाकीचे प्रेक्षक होतात, आणि आरक्षण बदललं किंवा निवडणूक हरली की काम त्याच दिवशी थांबतं. विहिरींची मोजणी आठवी-नववीच्या मुलींकडं, हिशेब बचत गटाकडं, चराची आखणी दोन तरुणांकडं, चाऱ्याची समिती मेंढपाळांकडं, असं पहिल्याच वर्षी वाटून द्या. ते चुकतील, तरी काढून घेऊ नका.

गावांच्या एखाद्या स्पर्धेत उतरायचं असेल तर जरूर उतरा. २०१६ ते २०१९ दरम्यान झालेल्या वॉटर कपच्या ४५ दिवसांनी हजारो लोकांना माळावर आणलं, ते दुसऱ्या कशानं झालं नसतं. पण स्पर्धा संपल्यावर चरात गाळ साचतो, दगडी बांधाचे दगड सुटतात, झाडांना पाणी घालायला कुणी येत नाही. म्हणून पहिल्याच ठरावात दरवर्षी एप्रिलमध्ये दुरुस्तीचे आठ दिवस लिहून ठेवा.

सगळ्यात मोठं संकट मात्र यशाबरोबर येतं. विहिरींना पाणी वाढलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोअरच्या गाड्या गावात शिरतात, डाळिंबाचं क्षेत्र वाढतं, कुणीतरी ऊस लावतो. सगळ्यांनी मिळून अडवलेलं पाणी चार जण उपसतात, आणि पुढच्या कमी पावसाच्या वर्षी गाव होतं तिथंच येतं. पाणी यायच्या आधी, म्हणजे कुणाकडंच जास्त नसतं तेव्हा, वापराचे नियम ठरवा. पाणी आल्यावर ठरवायला गेलात तर ज्याची बाग उभी आहे तो ऐकणार नाही, आणि त्याच्या जागी दुसरा कुणीही ऐकला नसता.

दोन-तीन वर्षांत शेजारची गावं तुमच्याकडं बघायला यायला लागतील. त्याची तयारी आतापासून ठेवा. काम सुरू करायच्या आधीचे माळाचे, ओढ्याचे, टँकरच्या रांगेचे फोटो तारीख घालून जपून ठेवा. नंतर ते मिळत नाहीत. येणाऱ्यांना आठवड्यातले ठरावीक दोनच दिवस द्या, नाहीतर लोकांची शेती पडते. जेवण बचत गटानं पैसे घेऊन द्यावं. माहिती सांगणारे दर वेळी वेगळे असावेत, आणि त्यांनी फुटलेला चर व वाया गेलेला बांध आधी दाखवावा, मग भरलेली विहीर. वही मागितली तर वही द्यावी. परत जाताना त्यांच्यापैकी दोन बायांना आठवडाभर तुमच्याकडं राहायला बोलवा आणि विहिरी मोजायला, तिकाटी धरायला बरोबर घ्या. पाहुण्यांच्या गर्दीला भाषण देण्यापेक्षा या दोघींवर वेळ घालवलेला बरा.

सध्या हातात एवढंच घ्या: या आठवड्यात सहा विहिरींच्या काठावर खुणा, मेंढपाळांचे कळप कुठं उतरलेत त्याची चौकशी, आणि टाकेवाडीला एप्रिलमध्ये मुक्कामाला येतो म्हणून निरोप.